वाटेत बोलायचं नाही

एन्कालेनी, नोंगोमाच्या वर
५ फेब्रुवारी २००६

प्रिय आत्या,

हे पत्र डर्बनला जाणाऱ्या शेझी ड्रायव्हरच्या टॅक्सीतून पाठवते आहे. टपालाने पाठवलं असतं तर मला नातवंडं झाल्यावर तुला मिळालं असतं. फोन इथे फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की लागतो, आणि तिथे आधीच शेळ्या चढलेल्या असतात. तेव्हा तूही उत्तर शेझीकडेच दे.

तू विचारलंस, हे नक्की कसलं शिक्षण. तर ऐक. ज्या घरांत मोठं माणूस उरलेलं नाही, पोरंच पोरांना सांभाळतात, अशा घरी आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ जायचं. पोरांबरोबर पाणी आणायचं, भाजी चिरायची, वेण्या घालायच्या, अभ्यासाला बसायचं. आमच्या शिक्षिका न्गुबाने बाई म्हणतात, मुलाचं रोजचं जगणं हीच तुमची कामाची जागा, दुसरं ऑफिस शोधू नका. दर गुरुवारी त्या आमच्या नोंदवह्या वाचतात. जूनमध्ये परीक्षा आहे.

मला म्थेत्वांचं घर मिळालं. हलेंगिवे चौदा वर्षांची, म्फुंदो दहाचा, सामके सहाची. बाप कधीच निघून गेलेला. आई ग्लॅडिस ऑक्टोबरमध्ये तुमच्या डर्बनच्या मोठ्या इस्पितळात वारली. तिला गावी आणायला कोणी नव्हतं, तिकडेच पुरली. पहिल्याच दिवशी मी बाह्या सरसावल्या आणि मक्याचा घाटा, भोपळ्याची भाजी, सगळं रांधून त्यांना पोटभर जेवू घातलं. हलेंगिवे जेवली, पण तिने सगळा वेळ माझ्याकडे न बघता पातेल्याकडे बघितलं.

इथली सकाळ फार सुंदर असते. धुकं दरीत भरून राहतं आणि वर फक्त घरांची गोल छपरं दिसतात. आपण जागे आहोत की नाही हे मला न्याहारीपर्यंत कळत नाही. आणि ते जुनं स्वप्न पुन्हा पडायला लागलं आहे. मी लहान आहे, मोठ्या बसमध्ये तुझ्या मांडीवर. बाहेर पिवळं गवत, ते संपतच नाही. मी तुला काहीतरी विचारते आहे आणि तू बोलत नाहीस. माझ्या गालाला काहीतरी टोचतं आहे. तू आणि गप्प, म्हणजे हे स्वप्नच असणार, एवढं मला झोपेतही कळतं.

तुझी,
तांदाझिले

उमलाझी, डर्बन
१४ फेब्रुवारी २००६

लाडके तांदा,

तुझं पत्र शेझीने त्या मोठ्या इस्पितळाच्या फाटकाशी आणून दिलं तेव्हा माझी कढई उकळत होती आणि समोर सात नर्सा रांगेत उभ्या होत्या. मी म्हटलं, थांबा गं, आमच्या शिकलेल्या पोरीचं पत्र आलंय. वडे करपले. सातहीजणींनी करपलेले वडे खाल्ले आणि एकीनेही तक्रार केली नाही, कारण मी त्यांना तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवत होते.

आता खरं सांगू? बारावीपर्यंत शिकून तू परक्या घरी भोपळा चिरतेस, हे मला काही पटलं नाही. भोपळा तर मी तुला फुकट शिकवला होता. पण त्या नर्सांतली सिस्टर चेले म्हणाली, मावशी, हे काम सगळ्यांत अवघड, आम्ही तापावर औषध देतो, त्या पोरी कशावर देणार? मग मी गप्प बसले. म्हणजे दोन मिनिटं बसले. पुढे मी तिला तुझ्या लहानपणापासूनचं सगळं सांगितलं आणि ती कामाला उशिरा पोहोचली.

स्वप्नांचं काय घेऊन बसलीस? रात्री घाटा जास्त खाल्ला की असली स्वप्नं पडतात. गरम शाल पाठवते आहे. गुरुवारी चर्चच्या प्रार्थनेला बायकांनी तुझं नाव घेतलं. चपला घालून झोपू नकोस.

तुझी आत्या,
झोद्वा

एन्कालेनी
३ मार्च २००६

प्रिय आत्या,

शाल मिळाली. सामकेने ती तीन दिवस पळवली होती.

माझं चुकलं आणि किती चुकलं ते सांगते. महिनाभर मी म्थेत्वांच्या घरी राबले. पण घर सुधारायच्या ऐवजी बिघडायला लागलं. म्फुंदो हलेंगिवेचं ऐकेना. तिने सांगितलं, शेळी बांध, की तो माझ्या तोंडाकडे बघायचा. सामके तिच्या हातून आंघोळ करेना. एका संध्याकाळी हलेंगिवेने झाऱ्या चुलीत टाकला आणि बाहेर जाऊन बसली. मला वाटलं, वय आडनिडं आहे, होतं असं.

गुरुवारी न्गुबाने बाई आल्या. दारातच थांबून त्यांनी विचारलं, "तू बसतेस कुठे?" मी म्हटलं, "त्या लाकडी स्टुलावर, चुलीपाशी." त्या म्हणाल्या, "अगं, तुला घरी काही शिकवलं नाही का? मोठं माणूस घरात बसलेलं असताना पोरगी आपल्या भावंडांना हुकूम देईल? तुझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही तरी नुसतं बसून तू त्या पोरीचं घर काढून घेतलंस."

आत्या, मला तोंडात मारल्यासारखं झालं. मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नाही, हे तर आपल्या हाडात मुरलेलं. आणि मला ते दिसलं नाही, कारण या वेळी मोठी मी होते.

आता मी दारातून आवाज देते, हलेंगिवेने ये म्हटल्याशिवाय आत जात नाही. खाली चटईवर बसते, तिच्याहून खाली. दोन्ही हात पुढे करून तिच्याकडे पाणी मागते. पहिल्या दिवशी ती इतकी लाजली की पाणी सांडलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "भोपळा मोठा चिरतेस तू. आमच्याकडे बारीक चिरतात." मी बारीक चिरला. म्फुंदोने शेळी बांधली.

पण खरी काळजी सामकेची आहे. ती शाळेला म्हणून निघते आणि खाली मोठ्या रस्त्यावर, टॅक्सी थांबते तिथे जाऊन बसते. दिवसभर प्रत्येक गाडीतून उतरणारी माणसं बघते. लाकडाचे ट्रक तिथून भरधाव जातात. परवा एकाने तिला वाचवायला गाडी खड्ड्यात घातली. समाजकल्याणच्या बाई येऊन गेल्या. बाई वाईट नाहीत, पण म्हणाल्या, एप्रिलअखेर मी पुन्हा येईन, तेव्हाही ही रस्त्यावर दिसली तर तिघांना संस्थेत हलवावं लागेल. एका संस्थेत तिघांना जागा मिळणं कठीण. हलेंगिवेने नुसतं "हो बाई" म्हटलं आणि खाली बघत राहिली. त्या गेल्यावर तिने सगळी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

तू काय करशील?

तांदा

उमलाझी
१० मार्च २००६

तांदे,

मी काय करेन? मी त्या पोरीशी बोलेन. तिच्या जवळ बसेन आणि सांगेन, तुझी आई देवाघरी गेली, ती आता टॅक्सीतून उतरायची नाही. लहान पोरांना कोणी खरं सांगत नाही, म्हणून ती वाट बघत बसतात. मोठी माणसं पोरांच्या डोक्यावरून एकमेकांशी कुजबुजतात, हीच खोड वाईट.

शेझी निघालाय, हॉर्न वाजवतोय. त्या ड्रायव्हरला धीर म्हणून नाही. बाकीचं पुढच्या पत्रात, पुष्कळ आहे.

आत्या

एन्कालेनी
२४ मार्च २००६

प्रिय आत्या,

तू म्हणालीस तसं केलं. न्गुबाने बाईंचंही तेच म्हणणं होतं: पोरापाशी खरं बोला, सोपं बोला, आणि मग गप्प बसून ऐका. मी थांब्यावर सामकेशेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, "सामके, आई वारली. ती परत यायची नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच सहा वर्षांची आहे. म्हणाली, "मला माहीत आहे. मेली ती."

"मग इथे का बसतेस?"

"तिला आमचं घर कुठे माहीत आहे? ती गेली तेव्हा आम्ही खालच्या गावात राहत होतो. तिथल्या मालकाने काढलं. आता आम्ही मेलेल्या आजीच्या घरी राहतो. ती इथे उतरली आणि कोणी नसलं तर ती खालीच जाणार. तिथे आता दुसरी माणसं आहेत. ती तिला ओळखत नाहीत."

आत्या, मी आजवरच्या शिक्षणात जेवढं शिकले नाही तेवढं त्या धुळीत बसून शिकले. आम्ही सगळे समजत होतो की या मुलीला मरण कळत नाही. तिला कळलेलं होतं. तिच्या आईला कोणी घरी आणलं नव्हतं, आणि ते काम ती एकटी करत होती.

मी वर आले आणि हलेंगिवेला सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "उम्फाफाच्या झाडाची फांदी घेऊन आईला आणायला जायला हवं होतं. आमच्यात कोणी मोठं नव्हतं."

शेजारचे न्तुली आजोबा म्हणाले, हे बाप्याचं काम. न्गुबाने बाईंनी त्यांना आदराने विचारलं, "आजोबा, या घरात सगळ्यांत मोठं कोण?" आजोबांनी आवारातल्या तिघांकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "ही पोरगी." मग बाई माझ्याकडे वळल्या. "तू फांदीला हात लावायचा नाहीस. तू फक्त सोबत जायचंस."

तुमच्या चर्चला हे मान्य नाही, मला ठाऊक आहे. बाबा तर या झाडाचं नाव घरात काढू देत नव्हते. तरी विचारते, कारण विचारायला माझं दुसरं कोणी नाही. आत्म्याला जिथे प्राण गेला तिथूनच फांदीवर घेऊन घरी आणावं लागतं. ग्लॅडिस म्थेत्वा, ऑक्टोबर. कोणता वॉर्ड, कोणती खाट, सिस्टर चेलेला विचारशील का? शनिवारी, ८ एप्रिलला आम्ही येऊ. तू फाटकाशी असशीलच.

तांदा

उमलाझी
३१ मार्च २००६

तांदाझिले,

असल्या गोष्टी मला विचारू नकोस. मी चर्चच्या गुरुवारच्या प्रार्थनेतली बाई आहे. तुझ्या शिक्षणात तुला जे करायचं ते तू कर.

आत्या

(सोबत एक चिठ्ठी, वड्याच्या तेलाचा डाग पडलेली: वॉर्ड चार, खाट अकरा, खिडकीची. जिन्याने जा. लिफ्टमध्ये गर्दी असते, कोणी बोलायला लागतं.)

एन्कालेनी
११ एप्रिल २००६

प्रिय आत्या,

तुझ्यावर रागावून हे पत्र सुरू करते आहे. शेवटी तसा राग उरला नाही, पण क्रमाने सांगते.

पहाटे न्तुली आजोबांनी फांदी तोडली. बोरीसारखं काटेरी झाड ते. प्रत्येक पेरावर दोन काटे, एक सरळ पुढे, एक मागे वाकलेला. आजोबांनी हलेंगिवेकडून कुळाची सगळी नावं पाठ करून घेतली होती. जाताना कसंही वाग, म्हणाले, पण फांदी खाटेवरून उचललीस की आईखेरीज कोणाशी बोलायचं नाही. तिला वाट सांगत यायचं. दुसऱ्याशी एक शब्द बोललीस तर ती तिथेच राहील. हलेंगिवेने विधीत कापायच्या बकऱ्याचं विचारलं, आमच्याकडे तर एकच शेळी आहे. आजोबा म्हणाले, "कोंबडी पुरे. बकरा पुढे कधीतरी. मेलेली माणसं थांबतात, पोरांना थांबवू नये." म्फुंदो चूल सांभाळायला घरी राहिला. सामके आमच्याबरोबर आली. तिला सोडून जाणं शक्यच नव्हतं.

आम्ही फाटकाशी पोहोचलो तर तुझी जागा रिकामी. कढई नाही, छत्री नाही. माझं तोंडही बघायचं नाही म्हणून आली नाहीस, असं मला वाटलं.

अकरा नंबरच्या खाटेवर दुसरी बाई झोपली होती. सिस्टर चेलेने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या आजारी बाईने काही न विचारता पाय आखडून घेतले आणि फांदीपुरती जागा केली. हलेंगिवे फांदी ठेवून म्हणाली, "आई, मी हलेंगिवे. न्यायला आले. जुनी खोली सुटली, आता आपण आजीच्या घरी राहतो. चल." मग तिने फांदी उचलली. जिन्यावर ती हळू आवाजात सांगत होती, "आई, पायऱ्या आहेत. आई, इथे वळायचं." मी तिच्या मागे होते. मला काहीच काम नव्हतं आणि इतकं अवघड काम मी कधी केलं नव्हतं.

बाहेर आलो आणि मला तू दिसलीस. रस्त्याच्या पलीकडे, तोंडावर घट्ट हात धरून उभी. मी हात हलवला. तू हलली नाहीस. आम्ही टॅक्सीत बसेपर्यंत तू तशीच उभी होतीस. आत्या, मला फार लागलं ते.

शेझीने विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "तिघी." त्याने फांदीकडे बघितलं आणि म्हणाला, "चार. तिला खिडकीची जागा द्या, तिने पुष्कळ दिवसांत बाहेर बघितलेलं नाही." एका उतारूने आपला रेडिओ बंद केला. एका बाईने हलेंगिवेला विचारलं, कुठली गं तू. मी म्हटलं, "मावशी, ती आज बोलू शकत नाही, तिच्या वतीने मी बोलते." त्या बाईने फांदी पाहिली, डोक्याचा रुमाल नीट केला आणि पुढे सगळ्या वाटेत ती हलक्या आवाजात बोलली.

वाट लांबच लांब होती. उसाची शेतं, मग नदी. "आई, ही तुगेला. आपण पुलावर आहोत." ऊन खिडकीतून येऊन फांदीवर पडलं होतं. गाडीत सगळे पेंगत होते आणि झोपेत ऐकल्यासारखा तिचा आवाज येत होता. मलाही वाटायला लागलं, पलीकडच्या जागेवर कोणीतरी बसून ऐकतं आहे. मला भीती वाटली नाही.

मग सामके मुसमुसायला लागली. माझ्या मांडीवर होती. "ताई माझ्याशी का बोलत नाही? मी काय केलं?" मी तिला जवळ घेतलं. ती बहिणीकडे झुकली आणि म्हणाली, "टोचतंय." फांदीचा काटा तिच्या गालाला लागला होता. बाहेर पिवळं गवत होतं.

आत्या, ते स्वप्न नव्हतं ना? जोहान्सबर्गहून आपण दोघी बसने आलो, मी पाच वर्षांची होते, आई नुकतीच गेली होती. तू तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतीस आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. खरं सांग.

इकडचं सांगायचं तर, थांब्यावर सामके सगळ्यांच्या आधी उतरली. डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाली, "आई, इथे उतरायचं. टाकी दिसली की डावीकडे. कुत्रा भुंकतो, पण चावत नाही." ती पुढे, फांदी घेऊन हलेंगिवे मधे, मी सगळ्यांच्या मागे. घराच्या आत मागच्या भिंतीशी, जिथे पूर्वज बसतात तिथे, हलेंगिवेने फांदी ठेवली आणि मग भावंडांकडे वळून पहिला शब्द बोलली, "हात धुवा." नोंदवहीत मी एकच ओळ लिहिली: सोबत गेले.

तांदा

उमलाझी
ईस्टरचा सोमवार, १७ एप्रिल २००६

माझी तांदा,

तोंडावर हात धरला होता, कारण मला माझ्या तोंडाचा भरवसा नाही. तू दिसलीस की माझ्या तोंडून "तांदा" अशी हाक गेली असती, त्या पोरीने दचकून वळून बघितलं असतं आणि "कोण?" म्हटलं असतं. मग तिची आई त्या फाटकाशीच राहिली असती. म्हणून त्या दिवशी कढई लावली नाही. गिऱ्हाइकांशी मी बोलतेच, आणि एकदा सुरू झाले की तुला ठाऊक आहे. पण घरी बसवेना. तुम्हांला निघालेलं बघायचं होतं.

हो. खरं आहे ते. तुझी आई जोहान्सबर्गच्या इस्पितळात गेली, आणि तुझ्या बापाने मला निरोप पाठवला, पोरीला घेऊन ये, आणि त्या झाडाचं खूळ करशील तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. मी पोरीला घेतलं आणि फांदीही घेतली. बाईने हे करू नये म्हणतात. मग कोणी करायचं होतं? ती माझी वहिनी होती. माझे केस ती विंचरायची.

दिवसभराचा प्रवास होता. तू मला विचारत होतीस, "आत्या, आई कुठे आहे?" शंभर वेळा विचारलंस. आई तुझ्या गालाला टेकून बसली होती, आणि ते मला तुला सांगता येत नव्हतं. तू रडलीस, मला मारलंस, म्हणालीस, आत्या मुकी झाली. मग थकून झोपलीस. मी तुझ्या आईला म्हटलं, बघ, तुझी पोर झोपली, आता नदी येईल. तुला एक शब्द दिला असता तर तू शांत झाली असतीस. तो मी दिला नाही, आणि सोळा वर्षं तो माझ्या घशात अडकून आहे.

फांदी मी आपल्या जुन्या घरात, मागच्या भिंतीच्या वर छपराच्या गवतात खोचून ठेवली. अजून असेल. बापाला सांगितलं नाही. चर्चमध्ये मात्र कोणीतरी चुगली केली आणि वर्षभर मला गुरुवारचा पांढरा झगा घालू दिला नाही. तुला वाटायचं, आत्या आजारी आहे म्हणून घरी असते. बरंच झालं, तुझ्याशी बोलायला वेळ मिळाला.

आता तुला कळलं असेल मी एवढी बडबड का करते. लोक म्हणतात, झोद्वाच्या तोंडाला झाकण नाही. पूर्वी मी अशी नव्हते, विचार कोणालाही. त्या एका दिवसाचं मी तुला अजून भरून देते आहे.

तुझी आत्या

एन्कालेनी
३० एप्रिल २००६

आत्या,

मी जुन्या घरी जाऊन आले. छपरात हात घातला. आहे. बोट टोचलं. मी तिथे बसून आईला सगळं सांगितलं, वेळ लागला, तुझ्यावरच गेले आहे.

परवा समाजकल्याणच्या बाई आल्या. खाली रस्त्यावर थांबून त्यांनी वाट बघितली, मग वर आल्या. सामके शाळेत होती. त्या शनिवारनंतर ती एकदाही थांब्यावर गेलेली नाही. बाई बसायला स्टूल शोधू लागल्या, तेव्हा मी चटईवरूनच म्हटलं, "बाई, या घरात हलेंगिवे सांगेल तिथे बसायचं." बाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं. हलेंगिवेने त्यांना चटई दाखवली, दोन्ही हातांनी पाणी दिलं, आणि म्फुंदोला शेळी बांधायला पाठवलं. तो गेला. बाईंनी कागदावर लिहिलं, तिघं इथेच राहतील. त्या गेल्यावर हलेंगिवे दाराआड जाऊन रडली. मी तिच्या शेजारी बसले.

तू पुढच्या शनिवारी येते आहेस, हा शेझीने आणलेला निरोप मी घरी सांगितला. सामके म्हणाली, "तिला आमचं घर माहीत नाही ना? मग मला एकदाच थांब्यावर जावं लागेल." मी हलेंगिवेकडे पाहिलं. तिने परवानगी दिली, माझा हात धरून जायच्या अटीवर.

मग सामकेने विचारलं, एवढ्या माणसांतून तुझी आत्या ओळखायची कशी.

मी सांगितलं, जी बोलत बोलत गाडीतून उतरेल ती.

तुझीच,
तांदा